सत्तावीस विद्यार्थ्यांचा प्रश्न

हवामानबदलाच्या प्रश्नावर तरुण पिढी पुढे आली आहे, हे वाक्य अलीकडे सभासंमेलनांतून इतक्या वेळा कानी पडते की त्याचा नेमका अर्थ विचारण्याचे कोणास सुचत नाही. पुढे आली म्हणजे कोठे आली? रस्त्यावर आली, हे खरे. १५ मार्च २०१९ रोजी शंभराहून अधिक देशांतील दहा लाखांच्या वर विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी वर्ग सोडून मोर्चे काढले आणि त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. परंतु कायदा आणि राज्यकारभार यांच्या दालनांत ही पिढी कोणत्या वाटेने शिरली व तेथे तिला काय साधले, याची हकीकत आपल्या वाचकांपर्यंत फारशी आलेली नाही. त्यांपैकी एक हकीकत येथे विस्ताराने सांगावयाची आहे. ती निवडण्याचे कारण असे की, तिचा उगम एका शिक्षकाने वर्गात नेमून दिलेल्या अभ्यासात आहे, आणि तिचे सारे यश एका प्रश्नाच्या शब्दयोजनेवर अवलंबून होते. भाषा आणि अध्यापन यांच्याशी ज्यांचा नित्याचा संबंध, त्यांना ती परकी वाटू नये.

दक्षिण प्रशांत महासागरात वानुआतू नावाचे ऐंशीहून अधिक बेटांचे राष्ट्र आहे. पूर्वी त्यास न्यू हेब्रिडीज म्हणत आणि तेथे इंग्रज व फ्रेंच यांचा संयुक्त अंमल होता. ३० जुलै १९८० रोजी तो संपला. लोकसंख्या सुमारे तीन लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. परंतु तेवढ्या लोकांत शंभराहून अधिक भाषा नांदतात, आणि या सर्वांना जोडणारी बिस्लामा ही इंग्रजी शब्द व स्थानिक वाक्यरचना यांच्या संकरातून घडलेली भाषा राष्ट्रभाषा मानली जाते. देशाचे नावच 'वानुआ' म्हणजे भूमी आणि 'तू' म्हणजे उभे राहणे या दोन शब्दांनी बनले आहे. ही बेटे बहुतांशी ज्वालामुखीजन्य व उंच असल्यामुळे ती उद्याच समुद्रात बुडतील अशी स्थिती नाही. तेथील भय वादळांचे आहे. मार्च २०१५ मधील 'पॅम' या चक्रीवादळाने देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६४ टक्के इतकी हानी केली. एका रात्रीच्या वाऱ्याने राष्ट्राची वर्षभराची दोन-तृतीयांश कमाई नाहीशी व्हावी, ही गोष्ट मोठ्या देशांत राहणाऱ्यांना कल्पनेनेही पुरतेपणी समजणे कठीण. तापमानवाढीस कारण होणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनात मात्र या देशाचा वाटा मोजता येणार नाही इतका अल्प आहे.

वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला. प्रशांत महासागरातील बारा राष्ट्रांनी मिळून चालविलेल्या दक्षिण प्रशांत विद्यापीठाचे विधिशिक्षण येथे दिले जाते. २०१९ च्या आरंभी तेथे आंतरराष्ट्रीय पर्यावरण-कायदा शिकविणाऱ्या जस्टिन रोझ या अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवले: हवामानबदलाच्या बाबतीत न्याय मिळविण्याचे कायद्यातील सर्वांत महत्त्वाकांक्षी मार्ग कोणते, ते शोधून काढा. वर्गात सॉलोमन बेटे, फिजी, वानुआतू आदी देशांतून आलेली मुलेमुली होती. त्यांनी अनेक मार्ग पडताळले आणि त्यांतील एकावर बोट ठेवले. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे या विषयावर अभिमत घ्यावे, असा तो मार्ग. अभ्यास पुरा झाला, गुण मिळाले; परंतु विद्यार्थ्यांनी वही मिटली नाही. आठ देशांतील सत्तावीस जणांनी मार्च २०१९ मध्ये 'हवामानबदलाशी झुंजणारे प्रशांत बेटांतील विद्यार्थी' या अर्थाच्या नावाची संघटना स्थापन केली व आपापल्या सरकारांना पत्रे धाडण्यास प्रारंभ केला.

येथे थोडे थांबून आपल्याकडे पाहिले पाहिजे. पर्यावरणाचे शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचे करावे, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला होता. त्याप्रमाणे तो विषय शाळा-महाविद्यालयांतून आला, आणि त्याबरोबर प्रकल्पवह्याही आल्या. त्या वह्यांत काय असते, हे शिक्षकांस सांगावयास नको. चिकटविलेली चित्रे, कोठून तरी उतरवून घेतलेली व्याख्या, आणि शेवटी झाडे लावण्याचे आवाहन. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे असाच प्रश्न देतो. पोर्ट व्हिलातील अध्यापकाने दिलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांना स्वतःसही ठाऊक नव्हते, आणि माझ्या मते त्या अभ्यासाचे सारे सामर्थ्य त्यातच होते.

आता त्या मार्गातील अडचण. हेगचे न्यायालय राष्ट्रांचे आहे. तेथे व्यक्तीला उभे राहता येत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील तंट्याचा निवाडा करणे हे त्याचे एक काम. त्यास उभय पक्षांची संमती लागते. दुसरे काम कायद्याच्या प्रश्नावर अभिमत देण्याचे. परंतु अभिमत कोणी मागावयाचे? एकट्या राष्ट्रालाही तो अधिकार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ९६ व्या कलमानुसार आमसभा, सुरक्षा परिषद किंवा परवानगी असलेल्या संस्था यांनाच तो आहे. म्हणजे सत्तावीस विद्यार्थ्यांना न्यायालयाच्या दाराशी पोहोचण्यासाठी १९३ राष्ट्रांच्या आमसभेचे मन वळविणे भाग होते. यापूर्वी पलाऊ आणि मार्शल बेटे या दोन लहान राष्ट्रांनी २०११-१२ च्या सुमारास नेमका हाच प्रयत्न केला होता आणि पुरेसा पाठिंबा न मिळाल्यामुळे तो सोडून द्यावा लागला होता. दोन सार्वभौम राष्ट्रांना जे जमले नाही, ते विद्यार्थ्यांनी हाती घेतले. अशा वाटेचे एक जुने उदाहरण मात्र उपलब्ध होते. अण्वस्त्रांच्या वैधतेविषयीचा प्रश्नही मुळात नागरिकांच्या संघटनांनी लावून धरला आणि डिसेंबर १९९४ मध्ये आमसभेने तो न्यायालयाकडे पाठविला. ८ जुलै १९९६ रोजी त्यावर अभिमत आले, तथापि मुख्य मुद्द्यावर न्यायाधीश सात विरुद्ध सात असे विभागले गेले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर काम भागवावे लागले. जागतिक महत्त्वाचा प्रश्न अर्धवट उत्तरात कसा अडकतो, याचा तो धडाच होता.

विद्यार्थ्यांच्या पत्रांची दखल घेणारे सरकार वानुआतूचेच निघाले. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी ही कल्पना उचलून धरली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये टुवालूतील फुनाफुटी येथे भरलेल्या प्रशांत द्वीपराष्ट्रांच्या परिषदेने तिची अनुकूल नोंद घेतली. पुढे करोनाची साथ आली. प्रवास थांबला, तरी २०२० मध्ये इतर खंडांतील तरुणांनी याच मागणीसाठी जागतिक स्वरूपाची दुसरी संघटना उभारली. सप्टेंबर २०२१ मध्ये वानुआतूने हा प्रश्न आमसभेत नेण्याचा संकल्प जाहीर केला. गुआम बेटावरील ज्युलियन अग्वोन या कायदेपंडितांच्या नेतृत्वाखाली वकिलांचे मंडळ कामास लागले. अठरा राष्ट्रांच्या गटाने ठरावाचा मसुदा सिद्ध केला. त्यात बांगलादेश होता, व्हिएतनाम होता, आणि जर्मनीसारखे उद्योगप्रधान राष्ट्रही होते. मार्च २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात 'जूडी' आणि 'केव्हिन' अशी दोन चक्रीवादळे लागोपाठ वानुआतूवर येऊन आदळली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस आमसभेने ठराव मतदानावाचून, एकमताने संमत केला. १३२ राष्ट्रे त्याची सहप्रस्तावक होती.

यात सारे श्रेय विद्यार्थ्यांचे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मसुदा मुरब्बी वकिलांनी घडविला, राजदूतांनी दाराशी दार झिजविले, आणि एका सरकारने आपली प्रतिष्ठा पणास लावली. परंतु या सर्वांना एकत्र आणणारे सूत्र विद्यार्थ्यांच्या हातून सुटले नाही, आणि ते सूत्र प्रश्नाच्या रूपात होते. 'अमुक राष्ट्र दोषी आहे' असे विधान आमसभेपुढे ठेवले असते, तर तत्क्षणी बाजू पडल्या असत्या. 'कायदा काय म्हणतो?' या प्रश्नाला विरोध करणे कायदा मानणाऱ्या कोणत्याही राष्ट्रास अवघड जाते.

या क्षेत्रात एकेका क्रियापदास किती मोल असते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या हवामान-कराराचा अंतिम मसुदा हाती आला, तेव्हा त्याच्या चौथ्या कलमात विकसित राष्ट्रांच्या उत्सर्जन-कपातीसंबंधी 'शॅल' हे इंग्रजी क्रियापद होते, म्हणजे 'केलीच पाहिजे'. अमेरिकेने हरकत घेतली. कारण असे बंधन स्वीकारावयाचे तर तेथील सिनेटची संमती लागली असती. शेवटी तांत्रिक दुरुस्ती म्हणून त्या जागी 'शुड' वाचण्यात आले, म्हणजे 'करावी'. आज्ञार्थाचा विध्यर्थ झाला आणि करार वाचला. व्याकरण हा निरुपद्रवी विषय आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग अवश्य सांगावा.

आमसभेने न्यायालयास विचारलेले प्रश्न दोन. मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंपासून हवामानव्यवस्थेचे रक्षण करण्याबाबत आंतरराष्ट्रीय कायद्याने राष्ट्रांवर, वर्तमान व भावी पिढ्यांकरिता, कोणती दायित्वे टाकली आहेत, हा पहिला. ज्या राष्ट्रांनी आपल्या कृतींनी किंवा कृती न करण्याने त्या व्यवस्थेस लक्षणीय हानी पोहोचविली, त्यांच्यावर कायद्याचे कोणते परिणाम ओढवतात, हा दुसरा. मराठीत आपण या दोहोंसाठी 'जबाबदारी' हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. वस्तुतः पहिल्यात दायित्व आहे, म्हणजे जे करणे प्राप्त आहे ते. दुसऱ्यात उत्तरदायित्व आहे, म्हणजे ते न केल्यास द्यावा लागणारा जबाब. 'जबाबदारी' या शब्दाच्या व्युत्पत्तीला दुसराच अर्थ अधिक जवळचा. हवामानविषयक परिषदांतून तीस वर्षे चर्चा चालली ती मुख्यतः अभिवचनांची. दायित्व आणि उत्तरदायित्व एकमेकांस जोडून विचारणे, हेच या ठरावाचे मर्म होय. त्यातील 'भावी पिढ्या' हे शब्दही ध्यानात घ्यावेत. जे अद्याप जन्मले नाहीत, त्यांचा उल्लेख न्यायालयास विचारलेल्या प्रश्नातच आला.

२ ते १३ डिसेंबर २०२४ या काळात हेगला सुनावणी झाली. ९६ राष्ट्रे आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तोंडी म्हणणे मांडले; न्यायालयाच्या इतिहासात एवढी मोठी सुनावणी यापूर्वी झालेली नव्हती. पहिल्याच दिवशी सॉलोमन बेटांच्या सिंथिया हौनिउही, त्या सत्तावीसांच्या संघटनेच्या अध्यक्षा, न्यायाधीशांपुढे उभ्या राहून बोलल्या.

मोठ्या उत्सर्जक राष्ट्रांचा मुख्य युक्तिवाद संस्कृत व्याकरणाचा परिचय असलेल्या वाचकांना चटकन् समजेल. अपवाद उत्सर्गाला बाधतो, हे आपण परिभाषेत शिकलो. (येथे उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, धुराच्या उत्सर्जनाशी त्याचा संबंध नाही.) या राष्ट्रांचे म्हणणे असे की, हवामानाविषयी १९९२ पासून विशेष करार झालेले असल्यामुळे तेच काय ते लागू, शेजाऱ्यास हानी पोहोचू देऊ नये, यांसारखे सामान्य नियम येथे आणू नयेत. भारतानेही ५ डिसेंबर रोजी सांगितले की, न्यायालयाने विद्यमान करारांपलीकडे नवी दायित्वे निर्माण करू नयेत. पण भारताची भूमिका आणि धनाढ्य राष्ट्रांची भूमिका एकच समजणे चुकीचे होईल. भारताचा भर ऐतिहासिक उत्सर्जनावर होता. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती साठविली, त्यांनी प्रथम भार उचलावा. समान दायित्व असले तरी त्याचा वाटा भिन्न असावा, हे तत्त्व त्याने पुन्हा मांडले, आणि ते न्याय्य आहे. तथापि ज्या देशाला आठ हजार किलोमीटरच्या आसपास, आणि नव्या मोजणीप्रमाणे त्याहूनही लांब किनारा लाभला आहे, त्याने वानुआतूच्या प्रश्नाकडे थोड्या अधिक आत्मीयतेने पाहावयास हवे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२३ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष युजी इवासावा यांनी अभिमत वाचून दाखविले. पंधरा न्यायाधीशांत आपले दलवीर भंडारी होते. ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, हे अनेकांस आठवत असेल. अभिमत सर्वानुमते होते, आणि जवळजवळ ऐंशी वर्षांत असे पाचव्यांदाच घडले. अण्वस्त्रांच्या वेळच्या दुभंगाशी याची तुलना करून पाहावी.

अपवादाचा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. करार लागू आहेतच. त्यांच्या जोडीने पर्यावरणाची लक्षणीय हानी टाळण्याचे व परस्परसहकार्याचे रूढिजन्य नियम लागू आहेत, समुद्रविषयक कायदा लागू आहे, आणि मानवी हक्कांचा कायदाही लागू आहे. त्यांतील रूढिजन्य नियमांचा परिणाम दूरगामी आहे. करारातून बाहेर पडता येते, रूढीतून पडता येत नाही. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये पॅरिस करारातून अंग काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या विधानाचे वजन कळते. तापमानवाढ दीड अंशाच्या आत राखण्याचे उद्दिष्ट राष्ट्रांनी परस्परसंमतीने ठरविलेले आहे, म्हणून आपापल्या कपातीच्या योजना मनास येतील तशा आखण्याची मुभा कोणास नाही. त्या शक्य तेवढ्या उच्च आकांक्षेच्या असल्या पाहिजेत, असेही न्यायालय म्हणते. खनिज इंधनांचे उत्पादन, त्यांच्या शोधाचे परवाने, त्यांना दिलेले अर्थसाहाय्य, खासगी कंपन्यांवर नियंत्रण ठेवण्यातील ढिलाई, यांतूनही राष्ट्राकडून अवैध कृत्य घडू शकते. तसे घडल्यास ते थांबविणे, पुन्हा न होण्याची हमी देणे आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास पूर्ण भरपाई देणे, असे परिणाम संभवतात. धूर सर्वांचाच असल्यामुळे दोष कोणाचाच नाही, हा सोयीस्कर बचाव टिकला नाही; प्रत्येकाचा वाटा निराळा काढणे कठीण असले तरी अशक्य नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. मात्र भिन्न वाट्याचे तत्त्व त्यांनी मान्य केले, आणि तेवढ्यापुरती भारताची बाजू राखली गेली.

अभिमत म्हणजे निवाडा नव्हे. ते कोणावर बंधनकारक नाही आणि त्यासाठी कोणाच्या घरी जप्ती जात नाही. न्यायालयानेही अखेरीस मान्य केले की या प्रश्नात कायद्याची भूमिका महत्त्वाची असली तरी मर्यादित आहे. त्याचा उपयोग होणार तो देशोदेशींच्या न्यायालयांत व वाटाघाटींत, आधार म्हणून.

त्या न्यायालयांतूनही तरुणांनी दारे ठोठावली आहेत, पण फळ सारखे नाही. जर्मनीत तरुणांच्या तक्रारीवरून घटना-न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, २०३० नंतरच्या कपातीविषयी मौन बाळगणारा कायदा पुढच्या पिढीच्या स्वातंत्र्यावर भार टाकतो. संसदेने त्याच वर्षी कायदा सुधारून निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची मुदत २०५० वरून २०४५ वर आणली. अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यात सोळा मुलामुलींनी २०२३ मध्ये खटला जिंकला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. उलट ऑरेगनमधील एकवीस जणांचा २०१५ चा दावा दहा वर्षे चालून मार्च २०२५ मध्ये प्रत्यक्ष सुनावणीवाचूनच संपला. आपल्या देशात उत्तराखंडातील एका नऊ वर्षांच्या मुलीने २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला होता. सरकारी धोरणांत व परिणाम-मूल्यमापनात पॅरिस कराराचा विचार होत नाही असे मानण्यास कारण नाही, असे म्हणून २०१९ च्या जानेवारीत तो निकाली काढण्यात आला. त्यानंतर २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या कलमांत अंतर्भूत आहे, असे म्हटले. त्या बालिकेच्या अर्जाच्या वेळी हे वाक्य उपलब्ध नव्हते.

पोर्ट व्हिलाच्या संघटनेस २०२५ मध्ये अग्वोन यांच्यासह स्वीडनमधील 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार देण्यात आला. संघटनेचे संचालकपद आता फिजीच्या विशाल प्रसाद यांच्याकडे आहे.

अभिमतातील एक भाग मात्र पुरस्काराच्या वार्तेत झाकला गेला. समुद्र चढून किनारा आत सरकला तरी राष्ट्राने एकदा विधिपूर्वक ठरविलेल्या सागरी सीमारेषा बदलण्याचे त्यावर बंधन नाही. आणि भूमी नष्ट झाली एवढ्यावरून ते राष्ट्र राष्ट्र म्हणून संपुष्टात येईलच असे नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे. भूमीवाचून राष्ट्र, ही कल्पना राज्यशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील व्याख्येस धक्का देणारी आहे. तिची गरज वानुआतूपेक्षा टुवालूला अधिक. कारण तेथील सर्वांत उंच जमीन समुद्रापासून पाच मीटरही वर नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या एका तहान्वये दरसाल २८० टुवालूवासीयांना त्या देशात कायमचे स्थायिक होता येते. त्यांची निवड सोडतीने व्हावयाची असते. पहिल्या सोडतीसाठी नावे नोंदविण्याची मुदत १८ जुलै २०२५ रोजी, म्हणजे अभिमत येण्यापूर्वी पाच दिवस, संपली. तोपर्यंत सुमारे अकरा हजार वस्तीच्या त्या देशातील निम्म्याहून अधिक लोकांची नावे यादीत चढली होती.